खुर्चीचा पगार आणि माणसाचा संसार

संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील एक तरतूद नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली आणि माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील एक तोलूनमापून लिहिलेले कलम पुसले गेले. कायद्याच्या कलमा-पोटकलमांत ज्यांना रस नाही अशा वाचकांच्या नजरेतून ही घटना सुटली असल्यास नवल नाही. परंतु बुलढाण्याच्या जिल्हा परिषदेपासून सिंदखेडराजाच्या तहसील कचेरीपर्यंत आणि खामगावच्या नगरपरिषदेपासून संग्रामपूर तालुक्यातील शाळेपर्यंत, जेथे जेथे आपला शासनाशी नित्याचा संबंध येतो तेथे तेथे या दुरुस्तीचा परिणाम जाणवल्यावाचून राहणार नाही. तिने उभा केलेला एक प्रश्न अगदी साधा आहे. सरकारी नोकरास जनतेच्या तिजोरीतून दरमहा किती वेतन मिळते, हे त्याच्या नावानिशी सर्वांस पाहता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करावे, की ती त्याची खाजगी बाब समजून झाकून ठेवावी?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला होता. पुढे १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने कोणी न मागता, आपण होऊन प्रसिद्ध करावयाच्या सतरा बाबींची यादी आहे. त्यांतील दहावी बाब म्हणजे प्रत्येक अधिकाऱ्यास व कर्मचाऱ्यास मिळणारे मासिक वेतन. 'प्रत्येक' हा शब्द आमचा नव्हे, कायद्याचा आहे. त्यासाठी नागरिकाने अर्ज लिहावा, दहा रुपयांचे तिकीट लावावे आणि तीस दिवस वाट पाहावी, अशी अपेक्षाच नव्हती. कायदा झाल्यापासून १२० दिवसांच्या आत हे काम कार्यालयांनी पुरे करावयाचे होते.

त्याच कायद्याच्या आठव्या कलमात कोणती माहिती नाकारता येईल हे सांगितले आहे. वैयक्तिक माहितीला तेथे पूर्वीही संरक्षण होते, पण ते अटींसह होते. जिचा सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने एखाद्याच्या खाजगी जीवनावर अकारण आक्रमण होईल, तेवढीच माहिती नाकारता येत असे. आणि व्यापक लोकहित दिसल्यास तीही देता येत असे. जी माहिती संसदेस वा विधिमंडळास नाकारता येत नाही ती सामान्य माणसासही नाकारता येणार नाही, अशी एक थोर पुस्तीही त्यास जोडलेली होती. नव्या दुरुस्तीने या साऱ्या अटी काढून टाकल्या. आता नुसती 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द शिल्लक आहेत. चौथ्या कलमातील दहावी बाब रद्द झालेली नाही, हे खरे. परंतु आठव्या कलमाचा आरंभच 'या कायद्यात काहीही असले तरी' अशा अर्थाच्या शब्दांनी होतो. म्हणजे ज्या अधिकाऱ्याला दहावी बाब झाकावयाची आहे, त्याच्या हाती कायद्यानेच झाकण दिले आहे. हानीपेक्षा लोकहित मोठे असल्यास माहिती देता येते, असे सांगणारे पोटकलम अद्याप शाबूत आहे; पण ते वापरावे की न वापरावे हे ठरविणार तेच कार्यालय.

या वादाचा एक महत्त्वाचा धागा आपल्या शेजारच्या अकोल्यापर्यंत जातो. भविष्य निर्वाह निधीच्या अकोला येथील कार्यालयात अंमलबजावणी अधिकारी म्हणून काम केलेल्या एका गृहस्थाचे वेतन, त्यास मिळालेले मेमो, झालेल्या शिक्षा व त्याची मालमत्ता यांविषयी एका नागरिकाने २००८ साली माहिती मागितली. कार्यालयाने वेतनाचा तपशीलसुद्धा खाजगी म्हणून नाकारला. प्रकरण केंद्रीय माहिती आयोग आणि मुंबई उच्च न्यायालय असा प्रवास करीत सर्वोच्च न्यायालयात गेले. गिरीश रामचंद्र देशपांडे खटला या नावाने प्रसिद्ध असलेला त्याचा निकाल ३ ऑक्टोबर २०१२ रोजी लागला. कर्मचाऱ्याची कामगिरी ही मुख्यतः तो आणि त्याचा मालक यांच्यामधील बाब आहे; मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश व प्राप्तिकराची विवरणपत्रे ही वैयक्तिक माहिती होय; व्यापक लोकहित सिद्ध झाल्यासच ती देता येईल, असे न्यायालय म्हणाले. माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांच्यासारख्या जाणत्यांनी या निकालावर कठोर टीका केली आहे. चौथ्या कलमातील दहाव्या बाबीचा त्यात ऊहापोह नाही. तरीही 'वैयक्तिक' हा शब्द अनेक कचेऱ्यांना त्यात सापडला आणि तो कसा वापरावा हे त्या शिकल्या. त्यानंतर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला, आणि झाकू इच्छिणाऱ्यांच्या युक्तिवादाला अधिकच वजन आले.

कर्मचाऱ्यांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही. आपला जिल्हा हा परस्परांस ओळखणाऱ्या माणसांचा जिल्हा आहे. मुंबईत एखाद्याचा पगार कळला तर तो गर्दीत हरवून जातो. मेहकर किंवा देऊळगावराजा येथे तो चावडीवरचा विषय होतो. मुलीचे लग्न ठरविताना तो आकडा बोलीत येतो. उसने मागणारा नातेवाईक तोच आकडा पुढे करून नकाराला जागा ठेवीत नाही. अलीकडे तर 'डिजिटल अरेस्ट'चा धाक घालून निवृत्तांच्या आयुष्यभराच्या पुंजीवर हात मारणाऱ्या टोळ्यांना नाव, हुद्दा व उत्पन्न एकत्र मिळणे म्हणजे आयती शिकारच. एकट्याने परगावी राहून नोकरी करणाऱ्या स्त्रीला आपले नाव व नेमणुकीचे ठिकाण जगजाहीर होण्याची भीती वाटली, तर ती भीती अनाठायी म्हणता येणार नाही. मनाला लागणारी तुलना हाही एक भाग आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील नोकरांचे पगार एका वृत्तपत्राने २००८ साली सर्वांसाठी खुले केले. त्यानंतर अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या पाहणीत असे आढळले की, ज्यांचे वेतन बरोबरीच्यांच्या मानाने कमी होते त्यांचे समाधान घटले आणि ज्यांचे अधिक होते त्यांचे मात्र वाढले नाही. उघडपणाची किंमत असते आणि ती बहुधा खालच्या पायरीवरचा मनुष्य भरतो, हे यावरून मान्य केले पाहिजे.

एवढे मान्य करूनही वेतन ही सरकारी नोकराची खाजगी बाब आहे हे आम्हांस पटत नाही. पदाची वेतनश्रेणी तर कधीच गुप्त नव्हती. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली, तेव्हा २५,५०० ते ८१,१०० ही श्रेणी तीतच छापलेली होती आणि ती वाचून राज्यातील दहा लाखांहून अधिक तरुणांनी अर्ज केले. इंग्रजी अमदानीत प्रांतोप्रांतीच्या 'सिव्हिल लिस्ट' छापल्या जात आणि त्यांत अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा व वेतन दिलेले असे. परक्या सत्तेला ज्याची लाज वाटली नाही, त्याची लाज स्वकीय सत्तेला का वाटावी?

आम्ही पूर्वाश्रमी शाळामास्तर होतो. त्या काळी महिन्याच्या आरंभी पगारपत्रक टेबलावर उघडे ठेवलेले असे. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सर्वांची नावे एकाखाली एक, पुढे मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, मग कपाती, आणि शेवटी महसुली तिकिटावर सही. आपला पगार दुसऱ्याने पाहिला याचे दुःख कोणास होत नसे, कारण तो साऱ्यांना ठाऊकच असे. दुःख होई ते पतसंस्थेच्या हप्त्याचा रकाना दुसऱ्याच्या नजरेस पडला म्हणून. या प्रश्नाची उकल त्या दोन रकान्यांमधल्या उभ्या रेघेतच आहे, असे आम्हांस वाटते. पण त्या रेघेकडे येण्यापूर्वी, नाव झाकल्याने काय होते ते पाहिले पाहिजे.

श्रेणी जाहीर असताना नावनिशीवार वेतन कशाला हवे, असे विचारणाऱ्यांस नागपूर विभागातील 'शालार्थ' प्रकरणाकडे बोट दाखविणे पुरेसे आहे. खाजगी अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन ज्या प्रणालीतून निघते तिच्यात खोटे ओळखक्रमांक तयार करून अपात्र व्यक्तींच्या नावे वर्षानुवर्षे सरकारी वेतन उचलले गेल्याचा आरोप एप्रिल २०२५ मध्ये पुढे आला. शिक्षण उपसंचालक दर्जाच्या अधिकाऱ्यासह अनेकांना अटक झाली आणि शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण एक गोष्ट आजच सांगता येते. शाळेत कोण शिकवितो आणि कोण शिकवीत नाही, हे त्या गावातल्या प्रत्येक पालकाला ठाऊक असते. अमुक शाळेत अमुक शिक्षकाला इतके वेतन दिले, असा कागद दरवर्षी शाळेच्या दारावर लागला असता, तर गावाने पहिल्याच वर्षी 'हा कोण?' असे विचारले असते. हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याला कागद दिसतात. माणसे दिसतात ती गावाला.

परदेशांतील अनुभव याहून वेगळा नाही. कॅलिफोर्नियातील बेल या पस्तीस हजार वस्तीच्या, गरीब श्रमिकांच्या नगरात नगरप्रशासक वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर वेतन घेत असल्याचे 'लॉस एंजल्स टाइम्स'ने २०१० साली उघडकीस आणले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे वार्षिक वेतन चार लाख डॉलर आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या लुटीचे माप कळते. नगरातील लोकांना आपला कर कोठे जातो हे ठाऊक नव्हते, म्हणूनच ती चालू शकली. तो बोभाटा झाल्यावर राज्याच्या हिशेबनिसाने सर्व नगरपालिकांच्या व परगण्यांच्या नोकरांची वेतने मागवून प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली.

आता आपल्याच जिल्ह्याकडे वळू. कारण खाजगीपणाच्या या चर्चेतील सर्वांत बोचणारी विसंगती येथेच दिसते. ज्या चौथ्या कलमात अधिकाऱ्यांच्या वेतनाची दहावी बाब आहे, त्याच कलमात अनुदानाच्या योजनांचा व त्यांच्या लाभार्थ्यांचा तपशील ही बारावी बाब आहे. बारावी बाब आपण किती निष्ठेने पाळतो! रोजगार हमीच्या कामावर माती वाहणाऱ्या मजुराचे नाव, त्याचे गाव, त्याने भरलेले दिवस आणि त्याला मिळालेली मजुरी ही वर्षानुवर्षे जगातील कोणासही पाहता येत होती. २०२० च्या फेब्रुवारीत महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेच्या याद्या राज्यभर गावोगाव लागल्या आणि कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या शेतकऱ्यांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर आली. कर्जाच्या पायी जेथे घरातली कर्ती माणसे जीव देतात, त्या वऱ्हाडात कर्जाएवढी खाजगी बाब दुसरी कोणती? तारण मालमत्तेचा ताबा घेणाऱ्या बँकांच्या नोटिसा कर्जदाराच्या नावासह व थकबाकीच्या आकड्यासह वर्तमानपत्रांच्या आतील पानांवर छापल्या जातात, त्यात आमचाही व्यवसाय आला. तेव्हा कोणी खाजगीपणाचा मुद्दा काढला नाही. मजुराची रोजची मजुरी सार्वजनिक आणि त्या मजुरीच्या हजेरीपटावर सही करणाऱ्याचे वेतन मात्र वैयक्तिक, हा न्याय कोणत्या तराजूतला?

झाकलेल्या पगाराचा फटका खुद्द दुबळ्या कर्मचाऱ्यालाच बसतो, याचाही विचार व्हावा. आज कचेऱ्यांतून सफाई, पहारा, संगणकावरील टंकलेखन अशी कामे कंत्राटदारामार्फत आलेली माणसे करतात. बाह्य संस्थांमार्फत नोकरभरतीचा सप्टेंबर २०२३ मधील शासन निर्णय लोकांच्या रोषामुळे पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. तरी ही प्रथा काही संपली नाही. या माणसामागे शासन कंत्राटदाराला किती देते आणि त्याच्या हातावर किती पडते, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले, तर कोणत्याही संघटनेच्या मोर्चाहून अधिक काम होईल. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा त्यांच्या पगाराविषयी बाजारात भलतेसलते आकडे फिरत होते. सातव्या वेतन आयोगानुसार राज्यात शिपायाची श्रेणी १५,००० रुपयांपासून सुरू होते, हे लोकांना नीट ठाऊक असते तर सरसकट साऱ्यांनाच 'गलेलठ्ठ' म्हणणारी जीभ थोडी अडखळली असती. प्रामाणिक नोकराचा कैवार अफवा घेत नाही, आकडा घेतो.

वेतन आणि व्यक्ती यांत भेद कसा करावा याचा वस्तुपाठ गांधीजींनी घालून दिला आहे. मिठाचा सत्याग्रह सुरू करण्यापूर्वी, २ मार्च १९३० रोजी, त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांस पत्र लिहिले. त्यात त्यांनी व्हाइसरॉयचा महिन्याचा २१,००० रुपये पगार मांडला, दिवसाला तो ७०० रुपयांहून अधिक पडतो हे दाखविले आणि सामान्य हिंदी माणसाच्या दोन आण्यांहूनही कमी असलेल्या रोजच्या उत्पन्नाशी त्याची तुलना केली. लगेच त्यांनी असेही लिहिले की, माणूस म्हणून आपणांविषयी मला आदर आहे, आपले मन दुखवावे असा हेतू नाही, आणि हा पगार कदाचित आपण दानधर्मातच खर्च करीत असाल. पगार खुर्चीचा म्हणून त्याची जाहीर चिकित्सा केली, आणि तो कसा खर्च होतो ही माणसाची बाब म्हणून तिच्यापुढे ते थांबले. त्याच्याही पूर्वी, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना शेतकऱ्याच्या घामातून भरणाऱ्या सरकारी पगारांचा व पेन्शनांचा हिशेब मागितला होता. पगार झाकलेले असते तर हे दोन्ही महात्मे कशाच्या आधारावर बोलले असते?

आता त्या उभ्या रेघेकडे येऊ. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे पोटगीच्या वादातून एका पतीच्या वेतनचिठ्ठीचा प्रश्न आला. वेतनचिठ्ठीत कर्जाचे हप्ते, प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी यांच्या कपाती असतात आणि त्यांमुळे तिला वैयक्तिक स्वरूप येते, म्हणून ती परक्या माणसाला देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पती-पत्नींमधील पोटगीच्या वादात मात्र वेतनाची माहिती निव्वळ वैयक्तिक उरत नाही, असेही स्पष्ट केले. आमच्या मते यात साऱ्या वादाची किल्ली आहे. वेतनचिठ्ठीचा डावा भाग, म्हणजे मूळ वेतन, महागाई भत्ता, इतर भत्ते आणि त्यांची बेरीज, हा तिजोरीचा खर्च आहे, तो जनतेचा. उजवा भाग, म्हणजे सोसायटीचा हप्ता, विम्याची रक्कम, न्यायालयाने लावलेली पोटगीची कपात, हा त्या माणसाचा संसार आहे. त्यात डोकावण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही, आणि वर्तमानपत्रालाही नाही. बँकेचा खातेक्रमांक, आधार व पॅन, घरचा पत्ता, खाजगी दूरध्वनी आणि आजारपणाची बिले ही तर कोणत्याही परिस्थितीत बाहेर जाता कामा नयेत.

प्रसिद्धीची रीत कशी असावी, याविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नॉर्वेत सर्व नागरिकांच्या उत्पन्नाच्या व कराच्या नोंदी पाहता येतात. पण २०१४ पासून कोणी पाहिले हे ज्याची नोंद आहे त्याला कळते, आणि त्यामुळे केवळ कुतूहलापोटी डोकावणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. ही युक्ती नामी असली तरी आपल्याकडे ती चालणार नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांनी माहितीच्या अधिकाराचा वापर करून जमिनींचे व्यवहार उघडकीस आणले होते. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांची हत्या झाली. ज्या राज्यात हे घडले तेथे विचारणाऱ्याचे नाव उघड करणे म्हणजे त्याला उघड्यावर उभे करणे होय. म्हणूनच अर्ज न करता मिळणारी माहिती श्रेष्ठ. जो आकडा आधीच फलकावर आहे तो मागण्यासाठी कोणा एकट्याला पुढे यावे लागत नाही आणि कोणाच्या रागाचे लक्ष्यही व्हावे लागत नाही. अधिकाऱ्याच्या खाजगीपणाची चिंता वाहणाऱ्यांनी या दुसऱ्या माणसाच्या जिवाचीही थोडी चिंता करावी.

केंद्राची दुरुस्ती बदलणे आपल्या जिल्ह्याच्या हाती नाही. ते काम संसदेचे, आणि आपल्या खासदारांनी तेथे बोलावे हे आमचे मागणे आहे. परंतु चौथ्या कलमातील दहावी बाब पाळण्यास बुलढाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना, जिल्हा परिषदेला व नगरपरिषदांना आजही कोणी मनाई केलेली नाही. वर्षातून एकदा, एप्रिल महिन्यात, प्रत्येक कार्यालयाने व शाळेने नाव, हुद्दा आणि एकूण देय वेतन एवढाच तक्ता मराठीत दारावर लावावा व संकेतस्थळावर ठेवावा. कंत्राटी माणसांसाठी वर सांगितलेले दोन आकडे द्यावेत. एखाद्या स्त्री-कर्मचाऱ्याला वा जोखमीचे काम करणाऱ्याला खरोखर धोका असेल, तर कारण लेखी नोंदवून नावाऐवजी पदाचा क्रमांक छापावा. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मे २०२५ मध्ये आपली मालमत्तासुद्धा संकेतस्थळावर जाहीर केली. त्यापुढे तहसील कचेरीने नुसत्या वेतनाचा संकोच बाळगण्यास काही कारण उरत नाही. पत्रकारांवरही एक बंधन येते. त्या तक्त्यांतून 'सर्वांत श्रीमंत बाबू कोण' अशा चटकदार याद्या आम्ही काढणार नाही. शिकवायला न येणाऱ्याच्या नावे वेतन निघत असेल, तर मात्र गप्प बसणार नाही.

लोकशाहीत नोकराची प्रतिष्ठा पगार लपवून राखली जात नाही, पगाराइतके काम दाखवून राखली जाते. आपल्या जिल्ह्यात असे काम करणारे शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक व कारकून पुष्कळ आहेत, आणि त्यांना या तक्त्याचे भय वाटण्याचे कारण नाही. भय वाटेल ते ज्याची खुर्ची रिकामी आणि पगार चालू आहे त्याला. असे भय निर्माण करणे हा कोणाच्या खाजगीपणाचा भंग नव्हे. सार्वजनिक तिजोरीचा तो पहारा आहे, आणि तो ठेवण्याचा हक्क ती भरणाऱ्यांचाच आहे.